शाश्वततेचीच पदवी घ्यावी, की मूळ शाखेत राहून शाश्वतता शिकावी?

पर्यावरणासाठी काम करायचं हे ठरलेलं असतं, पण अर्जावर शाखा कोणती लिहायची ते ठरत नाही. एकीकडे 'शाश्वतता' किंवा 'शाश्वत विकास' असं नावातच असलेली पदवी. दुसरीकडे अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा अशी जुनी शाखा आणि जोडीला शाश्वततेचे चार-पाच ऐच्छिक विषय. वर विद्यापीठांची माहितीपत्रकं सौरपॅनेलच्या फोटोंनी भरलेली, त्यामुळे कॅम्पस किती 'हिरवा' आहे हाही प्रश्न मध्ये येतो. माझा कल आधीच सांगतो: पदवीला मूळ शाखा, पदव्युत्तरला शाश्वतता. याला अपवाद आहेत, आणि ते किरकोळ नाहीत.

दोन्हीकडे हाती काय लागतं

शाश्वततेची स्वतंत्र पदवी वयाने लहान आहे. पर्यावरण आणि विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल १९८७चा. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या क्षमतेवर गदा येऊ नये, ही त्यातली व्याख्या अजूनही पहिल्या तासाला शिकवली जाते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने या विषयाचं स्वतंत्र स्कूल काढलं ते २००६ साली. त्यामुळे जुन्या शाखांसारखी ठरलेली घडी या पदवीला अजून बसलेली नाही. एका ठिकाणी तिच्यात परिसंस्था आणि ऊर्जा जास्त, तर दुसरीकडे धोरण आणि समाजशास्त्र. नाव सारखं म्हणजे आतला अभ्यासही सारखा, असं धरून चालू नका. विषयांची यादी वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

या पदवीचं खरं बळ जोडून पाहण्यात आहे. जैवइंधनाचंच घ्या. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी इंजिनाची कार्यक्षमता पाहील. शाश्वततेचा विद्यार्थी विचारेल की हे पीक कुठल्या जमिनीवर आलं, तिथे आधी काय होतं, पाणी कोणाच्या वाट्याचं गेलं आणि धान्याच्या भावावर काय परिणाम झाला. संयुक्त राष्ट्रांची २०१५ची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि त्याखालची १६९ लक्ष्यं एकमेकांना कुठे पूरक आहेत आणि कुठे एकमेकांच्या आड येतात, हे ओळखायला अशीच नजर लागते. मूळ शाखेत ती आपोआप येत नाही.

अडचण सुरू होते ती हिशेब मांडायला बसल्यावर. कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये कागदी कप बंद करून स्टीलचे मग आणायचे, हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रस्ताव. उत्तर उघड वाटतं, पण तसं नाही. याची पद्धत म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे वस्तू घडण्यापासून टाकून देईपर्यंतचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणं: आयएसओ १४०४० आणि १४०४४ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे आधी उद्देश आणि व्याप्ती ठरवायची, मग कच्चा माल, ऊर्जा, कचरा यांची नोंद, मग परिणामांचं मोजमाप आणि शेवटी अर्थ लावणं. स्टील तयार करताना एका कपापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. तो स्टीलचा मग किती वेळा वापरला जातो, तेवढ्या वापरांवर ही ऊर्जा वाटली जाते. प्रत्येक वेळी तो गरम पाण्याने धुतला, आणि ते पाणी कोळशाच्या विजेवर तापलं, तर बरोबरी व्हायला आणखी बरेच वापर लागतात. थंड पाण्याने धुतला, तर चित्र बदलतं. हे मग महिन्याभरात हरवत असतील, तर सगळंच उलटतं. या हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायला दोन्हीकडचे विद्यार्थी शिकतात. पण पाणी तापवायला किती ऊर्जा लागते हे कागदावर काढून सॉफ्टवेअरच्या आकड्यावर शंका घेणारा बहुधा रसायन किंवा यंत्र शाखेतून आलेला असतो. आणि 'हे मग हरवतात कशामुळे?' हे विचारणारा शाश्वततेचा. दोघंही हवेत. प्रश्न एवढाच की यातलं कोणतं कौशल्य नंतर भरून काढणं सोपं आहे.

माझ्या मते व्यापक नजर नंतर कमावता येते. गणित, ऊष्मागतिकी, संख्याशास्त्र किंवा हिशेबशास्त्र पंचविशीनंतर पायापासून शिकणं फार जड जातं. शिवाय अभियंता म्हणून आराखड्यावर सही करायला किंवा कोर्टात उभं राहायला बहुतेक ठिकाणी मूळ शाखेचीच पदवी लागते.

अपवाद कोणाला? ज्यांना धोरण, नगरनियोजन, लोकसहभाग अशा कामात जायचं आहे, त्यांना. आणि जिथे कार्यक्रमच विचारपूर्वक बांधलेला आहे, तिथे. अमेरिकेतलं १९६९ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ द अटलांटिक एकच पदवी देतं, मानवी परिसंस्थाशास्त्राची. आतला अभ्यास विद्यार्थी स्वतः रचतो. जर्मनीतल्या लॉयफाना विद्यापीठात पदवीचं पहिलं सत्र सगळ्या शाखांना एकत्र असतं, आणि शाश्वतता त्यातच येते. दोन टोकांपैकी एक निवडायची सक्ती तिथे बरीच सैल होते.

पदव्युत्तर टप्प्यावर माझं मत उलटं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातला १९९७ साली सुरू झालेला शाश्वततेचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर मुद्दाम एकत्र घेतो. तिथे तुमच्या हाती आधीचं एखादं हत्यार असेल, तर वर्गातल्या इतरांनाही तुमचा उपयोग होतो.

हिरवा कॅम्पस: फोटो आणि मीटर

क्रमवारी पाहून विद्यापीठ निवडणार असाल, तर ती मोजते काय हे आधी पाहा. २०१० साली सुरू झालेली इंडोनेशिया विद्यापीठाची ग्रीनमेट्रिक क्रमवारी परिसर, ऊर्जा, कचरा, पाणी, वाहतूक आणि शिक्षण असे गट पाहते. टाइम्स हायर एज्युकेशनची २०१९पासूनची प्रभाव क्रमवारी संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांपैकी १७वं, भागीदारीचं, सर्वांना सक्तीचं ठेवते आणि बाकीच्यांतून विद्यापीठाला सर्वांत चांगले गुण मिळालेली तीन उद्दिष्टं धरते. म्हणजे शेजारच्या क्रमांकावरची दोन विद्यापीठं वेगवेगळ्या विषयांत पास झालेली असू शकतात. विद्यापीठांच्या शाश्वततेच्या 'स्टार्स' या मानांकनात ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत पायऱ्या आहेत, आणि त्यात मुख्य माहिती संस्थेनेच भरायची असते. तरी निवड करायला मला तेच सर्वांत उपयोगी वाटतं, कारण भरलेले अहवाल उघडून वाचता येतात.

'कार्बन न्यूट्रल', म्हणजे वजावटी धरून कार्बनचं उत्सर्जन शून्य, हा शब्द दिसला की आणखी सावध व्हा. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजने २०१६ साली ही स्थिती गाठल्याचं जाहीर केलं. त्यात २००९पासूनचा लाकडाच्या चुऱ्यावर चालणारा बॉयलर होता, आणि संस्थेच्या मालकीचं जंगल राखल्याबद्दल धरलेली वजावटही होती. यात लपवाछपवी काही नाही. पण प्रत्यक्ष उत्सर्जन किती घटलं आणि वजावटीने किती भागवलं, हे दोन आकडे वेगळे मागायलाच हवेत. याउलट अमेरिकेतल्याच बॉल स्टेट विद्यापीठाने सुमारे ३,६०० विंधनछिद्रं खणून जमिनीतल्या उष्णतेवर इमारती गरम-थंड करायची सोय केली आणि कोळशाचे चार बॉयलर बंद केले. जमिनीखालच्या नळ्यांचा फोटो कोण छापणार? विमानप्रवास, खरेदी आणि विद्यार्थ्यांची ये-जा यांचं उत्सर्जन हिशेबात धरलंय का, हेही विचारा. तो आकडा अनेकदा गाळलेला असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात २००५ साली वसतिगृहांमध्ये वीज वाचवण्याची दोन आठवड्यांची स्पर्धा झाली. एकूण वापर ३२ टक्क्यांनी घटला. ज्या दोन वसतिगृहांना वापर क्षणोक्षणी दिसत होता, तिथे घट ५५ टक्के, बाकीच्यांत ३१. दोन आठवड्यांवरून वर्षभराच्या सवयीचं अनुमान काढू नये, हे मान्य. पण ज्या कॅम्पसचे मीटर विद्यार्थ्यांना दिसतात, तिथे वापर कसा बदलतो हे शिकायला प्रयोगशाळा वेगळी शोधावी लागत नाही.

म्हणून शाखा आणि कॅम्पस यांत ओढाताण झाली, तर मी कॅम्पसला झुकतं माप देईन. वीज, पाणी आणि कचऱ्याची आकडेवारी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी खुली असलेल्या ठिकाणची साधी अर्थशास्त्राची पदवीही बंद दाराआडच्या शाश्वततेच्या पदवीपेक्षा बरी. विभागाला पत्र लिहून दोन गोष्टी मागा: मागच्या वर्षीच्या शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पांची यादी, आणि त्यांतले कोणते विद्यापीठाने खरंच अमलात आणले ते.

आधीच मूळ शाखेत प्रवेश घेतला असेल, तर पदवी बदलायची घाई नको. ऐच्छिक विषय निवडताना जीवनचक्र मूल्यमापन, संख्याशास्त्र आणि पर्यावरण कायदा हे तीन आधी पाहा. 'शाश्वततेची ओळख' अशा नावाचा विषय शेवटी ठेवला तरी चालेल. त्यातलं बरंचसं तुम्हाला या तिघांतून वाटेत भेटलेलं असेल.