यूएसबी मायक्रोस्कोप, आठ महिने : युद्धकाळातले देशी बिल्ले तपासताना

पुण्याच्या जुन्या बाजारात बिगुलाचा एक पितळी बिल्ला मिळाला. विकणारा म्हणाला, दुसऱ्या महायुद्धातला, मराठा पलटणीचा. खरं-खोटं करायला हा मायक्रोस्कोप मागवला, अठराशे रुपयांना.

आधी रडगाणं. खोक्यावर १००० पट लिहिलंय ते विसरा. बिल्ल्यांना २० ते ५० पट पुष्कळ झालं, त्यापुढे नुसता पिवळा धुरळा. स्टँड डुगडुगतो, मी तो पोळपाटावर स्क्रूने आवळलाय (घरात यावरून बोलणी खाल्ली). पितळेवर त्याचे दिवे इतके चमकतात की नक्षी दिसतच नाही. दिवे बंद करून बाजूने टॉर्च आडवा धरला की ओरखडा न् ओरखडा उठून दिसतो.

विलायती बिल्ले बहुतेक ठशात दाबलेले, पुढची नक्षी मागे खोलगट उमटलेली. युद्धात इथे स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्ले मागून भरीव, अंगावर वाळूचा रवा, कडेला कानशीचे ओरखडे, मागे डाख देऊन बसवलेल्या तारेच्या कड्या.

मेख इथेच आहे. एरवी ज्या खुणांवरून नक्कल पकडतात, त्याच इथे अस्सलच्या अंगावर असतात. परवा ओतलेला बिल्लाही खडबडीतच निघणार. मापही दगा देतं. जुन्या बिल्ल्यावरून साचा घेतला की पितळ निवताना दीड-दोन टक्के आकसतं, ४० मिलिमीटरचा साधारण ३९.३ भरतो, १९४३ मध्येही आणि आजही. म्हणून मी ओरखड्यांच्या कडा बघतो. वर्षानुवर्षं पॉलिश झालेल्या पितळेवर त्या बोथट होतात आणि खाचांत पॉलिशचा सुकलेला थर अडकून राहतो. बनवाबनवीत कडा धारदार, काळपटपणा मात्र उंचवट्यावर आणि खाचेत सारखाच.

कापडी बिल्ल्यांना हे यंत्र जास्त मानवतं. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्या १४व्या आर्मीची ढाल घ्या: तलवारीचं टोक खाली, मुठीवर रोमन १४. कुठे छापलेली, कुठे हाताने भरलेली, दोन नग जुळतील तर शपथ. काहींच्या मागे टिचबटणं असतात, शर्ट धोब्याकडे टाकताना बिल्ला काढून ठेवता यावा म्हणून. बटणाभोवतीचा गंज धाग्यात किती मुरलाय, हे ४० पटीत स्वच्छ कळतं. अतिनील टॉर्चखाली निळा चमकणारा धागा बहुधा अलीकडचा. पण जुनं कापड आजच्या पावडरमध्ये धुतलं असेल तर तेही चमकतं, तेव्हा शिवणीच्या आतला धागा बघा.

सहाव्या महिन्यात केबल सैल झाली, दुसरी घातली. एवढं सोडलं तर तक्रार नाही. पाचपैकी साडेतीन.

आणि तो बिगुल? मायक्रोस्कोप यायच्या आदल्या रविवारी मी तो चिंचेने घासून लख्ख केला होता. नक्षीतल्या दोरीच्या पिळांत काय अडकलं होतं, ते सिंकमध्ये वाहून गेलं.