कमांड-लाइन टूल लिहिताय? ऑप्शन आणि डिफॉल्ट आधी ठरवा

टूलचं मुख्य काम लिहून होतं, टेस्ट पास होतात, आणि मग ऑप्शनची, म्हणजे कमांडपुढे डॅश लावून दिलेल्या सूचनांची, नावं शेवटच्या दहा मिनिटांत सुचतील तशी दिली जातात. आठवडाभरात कोणीतरी ती कमांड ठरलेल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकतं, कोणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये. त्यानंतर आतला कोड हवा तेवढा बदला, नावांना हात लावता येत नाही. माझा कौल आधीच सांगतो: दोन डॅशचे पूर्ण शब्द आणि जोडीला मोजकी एकेरी अक्षरं. पण बाकीच्या वाटाही पाहायला हव्यात, कारण तुमच्या वापरणाऱ्यांची बोटं त्या सगळ्यांवर फिरलेली असतात.

एक डॅश, एक अक्षर

ही पॉझिक्सची, म्हणजे युनिक्स प्रणालींच्या सामाईक प्रमाणाची, पद्धत. ऑप्शन आधी, फाइलींची नावं नंतर. नुसते दोन डॅश आले की ऑप्शन संपले, आणि एकटा डॅश म्हणजे स्टँडर्ड इनपुट (कीबोर्डवरून किंवा दुसऱ्या कमांडकडून येणारा मजकूर). अक्षरं जोडून लिहिता येतात, म्हणून फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला ‘एलएस -एलए’ असं चालतं. दिवसातून पन्नास वेळा टाइप करायच्या कमांडसाठी याहून सोयीचं काही नाही.

अडचण अक्षरांच्या तुटवड्याची. दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला पोर्ट द्यायचा तर लहान पी आणि तिथे फाइली कॉपी करणाऱ्या एससीपीला द्यायचा तर कॅपिटल पी, कारण एससीपीमध्ये लहान पी फाइलच्या वेळा जपण्यासाठी आधीच अडकला होता. ती एससीपीच्या आधीच्या आरसीपीची देणगी. फाइली कॉपी करणाऱ्या सीपी आणि पुसणाऱ्या आरएममध्ये लहान आर म्हणजे फोल्डरच्या आतपर्यंत जा. परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉडमध्ये ‘-आर’ म्हणजे वाचण्याची परवानगी काढून घे, आणि आत जायचं असेल तर कॅपिटल आर. ‘-व्ही’ कुठे जास्त माहिती दाखवतो, कुठे व्हर्जन, आणि मजकुरात शोधणाऱ्या ग्रेपमध्ये न जुळणाऱ्या ओळी.

दोन डॅश, पूर्ण शब्द

ही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची वाट. ‘--हेल्प’ आणि ‘--व्हर्जन’ प्रत्येक टूलमध्ये असलेच पाहिजेत, हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटतो. स्क्रिप्टमध्ये ‘--ड्राय-रन’ लिहिलेलं वर्षभराने वाचलं तरी कळतं, ‘-एन’ कळेलच असं नाही. इथे ऑप्शन फाइलच्या नावानंतरही चालतो. तीच सवय मॅकवर घेऊन गेलात तर तिथला एलएस नावानंतर आलेल्या ‘-एल’ला फाइल समजतो आणि अशी फाइल नाही म्हणून सांगतो.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला, अर्धवट नावांचा. शब्द एकमेव ठरत असेल तर ‘--व्हर्ब’ हे ‘--व्हर्बोज’ म्हणून स्वीकारलं जातं. पायथनमधला ऑप्शन वाचणारा आर्गपार्सही मुळात असाच वागतो. पुढे तुम्ही त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन आणला की कोणाची तरी जुनी स्क्रिप्ट मोडते, आणि तुमच्या बदलात तर काहीच चूक दिसत नाही. पायथन 3.5 पासून ही सूट बंद करता येते; पहिल्याच दिवशी बंद करा. दुसरा खड्डा, पुढे किंमत (व्हॅल्यू) दिली तरी चालेल आणि नाही दिली तरी चालेल अशा ऑप्शनचा. मजकूर बदलणाऱ्या सेडचा, फाइल जागच्या जागी बदलणारा ‘-आय’ बघा: ग्नूच्या सेडमध्ये बॅकअप फाइलच्या नावाची शेपटी ऐच्छिक आणि चिकटून लिहायची, मॅकवरच्या सेडमध्ये ती द्यावीच लागते, मग रिकामी का असेना. लिनक्सवर चालणारी ओळ मॅकवर एरर देते ती याच कारणाने. ऑप्शनला किंमत हवी की नको, एकदाच ठरवा.

एक डॅश, पूर्ण शब्द

फाइंडचा ‘-नेम’, जावाचा ‘-व्हर्जन’, टेराफॉर्मचा ‘-ऑटो-अप्रूव्ह’. गो भाषेसोबत येणारं फ्लॅग पॅकेज एक डॅश आणि दोन डॅश सारखेच मानतं. नवशिक्याला हे सोपं वाटतं. पण अक्षरं जोडून लिहिण्याची सोय जाते, आणि या पॅकेजचा एक स्वभाव त्रासदायक आहे: ऑप्शन नसलेला पहिला शब्द दिसला की ते वाचणं थांबवतं. फाइलच्या नावानंतर ‘-व्ही’ दिला तर तो नुसता आणखी एक शब्द बनतो, आणि तो शब्द तुम्ही स्वतः तपासला नाही तर एररही येत नाही. गोमध्येच लिहायचं असेल तर कोब्रा आणि त्याच्याखालचं पीफ्लॅग या लायब्ररी घ्या. कुबरनेटीसचं क्युबसीटीएल त्यांवरच उभं आहे.

डेटा कॉपी करणाऱ्या डीडीची ‘नाव=किंमत’ ही धाटणी आयबीएमच्या जुन्या जेसीएल भाषेतून आलेली. नव्या टूलला तिची गरज नाही.

सबकमांड

गिट, डॉकर, एपीटी यांची रचना: आधी क्रियापद, मग त्याचे ऑप्शन. टूल एकाहून अधिक कामं करणार असेल तर हीच घ्या, आतले ऑप्शन मात्र ग्नूच्या वळणाचे ठेवा. आणि एक अक्षर सगळ्या सबकमांडमध्ये एकाच अर्थाचं राहील हे जिवापाड सांभाळा. गिटच्या ॲड, क्लीन आणि पुशमध्ये ‘-एन’ म्हणजे प्रत्यक्ष काही न करता नुसतं दाखव. कमिटमध्ये तोच ‘-एन’ तपासणीचे हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) वगळून कमिट करून टाकतो.

आमच्या जुन्या ऑफिसात घरातल्या घरात लिहिलेली दोन टूल्स होती. एकात ‘-एफ’ म्हणजे यादीची फाइल, दुसऱ्यात ‘-एफ’ म्हणजे न विचारता पुसून टाक. एका सहकाऱ्याने सवयीने दुसऱ्याला ‘-एफ’ आणि पुढे यादीचं नाव दिलं. टूलने यादीच पुसली, आणि निमूटपणे यशाचा एक्झिट कोड (टूल संपताना परत करतं तो आकडा; 0 म्हणजे यश) दिला. दोन्ही टूल्स आपापल्या जागी बरोबर होती. बॅकअप होता म्हणून निभावलं.

डिफॉल्ट: खरा निर्णय इथे

नाव चुकलं तर जोडीला दुसरं देता येतं. डिफॉल्ट म्हणजे वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तेव्हा तुम्ही त्याच्या वतीने घेतलेला निर्णय, आणि लोक बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत.

वेबवरून मजकूर आणणारे कर्ल आणि डब्ल्यूगेट शेजारी ठेवा. पत्ता तोच. डब्ल्यूगेट फाइल उतरवून डिस्कवर ठेवतं, सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं (रीडायरेक्ट) तर त्यामागे जातं, सर्व्हरने 404 दिला तर 8 हा एक्झिट कोड देतं. कर्ल मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर ओततं, सांगितल्याशिवाय रीडायरेक्टमागे जात नाही, आणि 404 आला तरी ‘-एफ’ नसेल तर 0 देऊन मोकळं होतं. एक डाउनलोडसाठी जन्मलं, दुसरं पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीत, बसण्यासाठी. दोघांचीही डिफॉल्टं आपल्या कामाशी प्रामाणिक आहेत. तुमचं टूल कोणाच्या हातात जाणार, माणसाच्या की स्क्रिप्टच्या, हे ठरल्याशिवाय डिफॉल्ट ठरत नाही.

पुसणाऱ्या किंवा बदलणाऱ्या कामांत तीन धोरणं दिसतात. आरएम विचारत नाही. ग्नूने 2006 मध्ये मूळ डिरेक्टरी पुसायला नकार देणं डिफॉल्ट केलं, तेवढाच आडोसा. दुसरं, दर वेळी विचारणं. रेड हॅटच्या लिनक्सवर रूटसाठी (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) आरएमला ‘-आय’चा, म्हणजे आधी विचारण्याचा, एलियस असतो, म्हणून माणसं हात सरावून ‘-एफ’ लावू लागतात. ज्या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो असतं तो कोणी वाचत नाही. शिवाय क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं. तिसरं, गिट क्लीनचं: नुसतं चालवलं तर ते मुळात कामच करत नाही, ‘-एन’ किंवा ‘-एफ’ मागतं. हे मला सगळ्यांत चांगलं वाटतं. नकार स्क्रिप्टमध्येही लगेच कळतो आणि पुढे काय करायचं ते स्पष्ट असतं.

पॉवरशेलने ‘-व्हॉटइफ’ आणि ‘-कन्फर्म’ ही नावं चौकटीतूनच पुरवली आहेत. लेखकाने आपली कमांड त्यांना साथ देते एवढं जाहीर करायचं, नाव शोधायचं नाही. तुमच्या टीममध्ये दोनपेक्षा जास्त टूल्स असतील तर असंच करा. सामाईक ऑप्शन एका मॉड्यूलमध्ये ठेवा. नुसत्या वहीतल्या नियमांवर सारखेपणा टिकत नाही.

टर्मिनल आणि पाइप यांत फरक करावा का? दिसण्यात जरूर. एलएस टर्मिनलवर रकाने करतो, पाइपमध्ये ओळीला एक नाव देतो. 2016 मध्ये ग्नूच्या एलएसने स्पेस असलेल्या नावांभोवती अवतरणचिन्हं घालायला सुरुवात केली तीही टर्मिनलपुरतीच, त्यामुळे स्क्रिप्ट वाचल्या. रंगही तसेच: टर्मिनल असेल तरच, आणि नको असेल तर ‘--नो-कलर’ हवा. कोणत्या फाइलींवर काम होणार हे मात्र पाइपवर अवलंबून ठेवू नका.

डिफॉल्ट बदलावंच लागलं तर गिटचा धडा घ्या. 2014 च्या 2.0 मध्ये पुशचं डिफॉल्ट बदललं. त्याआधीच्या आवृत्त्या बराच काळ टर्मिनलवर सूचना देत होत्या आणि जुनं वागणं सेटिंगमध्ये राखता येत होतं. तुमच्या टूलला अशी सेटिंग फाइल नसेल, तर जुन्या वागणुकीला आजच एक नाव द्या आणि ते पुढच्या दोन आवृत्त्यांत चालू ठेवा. ओळखीचा नसलेला ऑप्शन आला तर मात्र अंदाज लावू नका. स्टँडर्ड एररवर एक ओळ लिहा, काम सुरू करण्याआधीच थांबा आणि 2 परत करा.