पेशंटच्या घरची परिस्थिती: छापील फॉर्म की डॉक्टरने स्वतः विचारणं?

वॉर्डात नव्याने लागलेली एक डॉक्टर मैत्रीण विचारत होती, पेशंट कोणाबरोबर राहतो, कमावतं कोण, औषधं परवडतात का, हे अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर घ्यावं की बेडपाशी बसून स्वतः विचारावं.

वेळेचं म्हणाल तर फॉर्मच बरा, नर्स किंवा सोशल वर्कर भरून घेतात. माहितीही त्यातच टिकते, ड्युटी बदलली तरी कागद फाईलला असतो, आणि आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, तर यासाठी झेड५५ ते झेड६५ असे कोडच आहेत, एकटं राहणं म्हणजे झेड६०.२. तोंडी विचारलेलं लिहून नाही ठेवलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

पण खरी माहिती हवी असेल तर फॉर्म कमी पडतो. "औषधं नियमित घेता का" याला बहुतेक जण हो म्हणून मोकळे होतात. तेच शेजारी बसून "इन्सुलिन ठेवता कुठे" विचारलं की कळतं घरी फ्रीजच नाही, आणि मग शुगर का उतरत नव्हती तेही कळतं, नाहीतर आपण नुसता डोस वाढवत बसलो असतो. मारहाण, दारू, कर्ज हे तर नातेवाईकांसमोर निघतच नाही, आणि फॉर्म बरेचदा नातेवाईकच भरतात!

कॅज्युअल्टीत, गर्दीच्या ओपीडीत फॉर्म ठेवा, फक्त उत्तरं पुढे कोण बघणार ते आधी ठरवा. शुगर, टीबी, डायलिसिस असे लांबणारे उपचार, सारखे अ‍ॅडमिट होणारे पेशंट, डिस्चार्जची वेळ, इथे डॉक्टरनेच विचारावं आणि दोन ओळी केसपेपरवर लिहाव्यात.