पोराला अटक झालीय म्हणून मामांना फोन आला... घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा

माझे मामा कराडला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, दूधवाल्याचा हिशोबसुद्धा वहीत लिहून ठेवणारे. हे आधीच सांगते कारण असलं काही ऐकलं की लोक लगेच म्हणतात अडाणी असतील नाहीतर हाव सुटली असेल. हाव कसली, इथं सरळ बापाच्या काळजालाच हात घातला.

सकाळी व्हॉट्सअपवर कॉल आला, डीपीला खाकी वर्दीतला साहेब, नंबर +९२ वाला. हा पाकिस्तानचा कोड आहे पण कॉल उचलताना कोण बघतंय. पोराचं नाव बरोबर, पुण्यात आयटीत आहे हेही बरोबर. म्हणाला मित्रांबरोबर रेपच्या केसमधे उचललाय, घ्या बोला त्याच्याशी, आणि पलीकडून नुसतं रडणं, "पप्पा मुझे बचा लो". आता आमचा दादा जन्मात कधी मामांना पप्पा म्हणाला नाही, अण्णा म्हणतो, आणि बापाशी हिंदीत कशाला बोलेल? पण मामा म्हणतात, "पप्पा काय नि अण्णा काय, पोरगं रडतंय एवढंच ऐकू येत होतं गं." हल्ली एआयने हुबेहूब आवाज काढतात हे खरंय, पण मला वाटतं इथं त्याची गरजही पडली नसेल, हुंदके देणाऱ्याचा आवाज ओळखतो कोण.

खरी गोम पुढे आहे. त्या माणसाने फोन ठेवूच दिला नाही. फोन कट केला तर एफआयआर टाकतो, घरात कुणाला सांगितलं तर मीडियात नाव जाईल, पोराची नोकरी गेली समजा. मामी मागच्या अंगणात कुरडया घालत होत्या, दहा पावलांवर, पण त्यांनाही हाक मारली नाही. कॉल चालू ठेवूनच फोनपेवरून आधी ४० हजार आणि मग साहेबांना पण द्यावे लागतात म्हणून अजून ३५ हजार गेले. दादाला एक फोन लावला असता तर खेळ तिथंच संपला असता, आणि म्हणूनच तर तो लावू देत नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे नंतर शंका आली तरी मामा लाजेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. मामींनी खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा नंबर असतो तो), वेळ, रक्कम सगळं विचारून तक्रार घेतली, पण तोवर बराचसा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात करत काढून घेतलेला. थोडी रक्कम एका खात्यात होल्ड झाली, तिच्यासाठी अर्ज चालू आहे. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. तेव्हा असं झालं तर पहिल्या तासाभरातच १९३० लावा, आणि घरात कुणी फसलं तर प्लीज ओरडू नका, ओरडायच्या भीतीनेच ही माणसं लपवतात आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात.

"पोलीस कधी फोन करत नाहीत" हे जे फॉरवर्ड फिरतंय तेही अर्धवट आहे बरं का. खरंच अटक झाली तर नातेवाइकांना कळवणं पोलिसांना भागच आहे, त्यामुळे फोन येऊ शकतो, पण पैसे पाठवा, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका असं खरे पोलीस म्हणणार नाहीत. ठाण्याचं नाव विचारायचं, फोन ठेवायचा, पोराच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा, नाही उचलला तर सुनेला, मित्राला, नाहीतर सरळ पोलिसांच्या इमर्जन्सी नंबरला, ११२ ला.

आम्ही आता घरात एक प्रश्न ठरवलाय, आजोळच्या एका म्हशीवरून आहे, उत्तर फक्त घरच्यांना माहिती. अडचणीत आहे म्हणून कुणाचाही फोन आला की आधी तो विचारायचा. दादाने मामांच्या व्हॉट्सअपला अनोळखी कॉल सायलेंट करायचं सेटिंग लावून दिलं, आणि पेन्शनच्या खात्यावरचं यूपीआय काढून रोजच्या खर्चाला वेगळं खातं ठेवलं.

मामांनी हे त्यांच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगितलं तर तिथले एक गुरुजी गप्पच झाले. त्यांनीही नातवाच्या नावाने पैसे भरलेले, घरी अजून पत्ता नाही. त्यांना शेजारी बसवून दादाने सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार भरून दिली, पैसे मिळतील असं वाटत नाही पण निदान तो नंबर आणि खातं तरी रेकॉर्डवर येईल.