पद्मिनीसाठी बिनमार्काचा रिंग-सेट: घ्या, पण मोजून

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या पिस्टन-रिंगांचा हा सेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर साध्या खोक्यात मिळतो. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, माप स्टँडर्ड, वरची रिंग क्रोमची. फिनिशिंग चांगलं आहे, भिंतीवरचं तेल पुसणाऱ्या ऑइल रिंगलाही ताण भरपूर आहे. तक्रार एकच, पण मोठी. सगळ्या रिंगा एका मापाच्या नाहीत.

सिलिंडरमध्ये रिंग टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली सारली आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावला, तर तीन वरच्या रिंगांच्या टोकांमधली फट ०.३० ते ०.३५ मिमी भरली, चौथीची जेमतेम ०.१५. या बोअरला पाव मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. तापल्यावर रिंग वाढते, टोकं भिडतात आणि मग ती भिंत ओरबाडते नाहीतर तुटते. कानशीने फट वाढवता येते, मात्र कानस बाहेरून आतच चालवायची, नाहीतर क्रोमचा टवका उडतो. माप तळाशी घ्यायचं, कारण तिथे झीज नसते. कानस लागलेली रिंग दुकानदार परत घेत नाही, तेव्हा आधी सगळ्या मोजून घ्या.

खोक्यात माहितीचा कागद नाही, हेही खटकतं. ‘टॉप’ची खूण पिस्टनच्या माथ्याकडे हवी. दुसरी रिंग उलटी बसली तर नव्या रिंगांवरही गाडी तेल खाते.

काही दोष मात्र सेटचे नसतात. सिलिंडरच्या वरच्या तोंडाशी झिजेने उभा राहिलेला कंगोरा रीमरने काढला नाही, तर नवी रिंग त्यावर आदळून तुटते. बोअरच्या वरच्या आणि खालच्या मापात ०.१५ मिमीहून जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगांनी भागत नाही, बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टनच टाकावे लागतात. होनिंगनंतर (सिलिंडरची भिंत दगडाने घासल्यावर) ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासायचा. डिझेलने धुतला तर दगडाची पूड आतच राहते. तेलात भिजवलेलं पांढरं फडकं पांढरंच बाहेर आलं पाहिजे.

रन-इनला, म्हणजे नव्या रिंगा भिंतीला घासून बसेपर्यंत, साधं मिनरल २०डब्ल्यू-५० तेल, सिंथेटिक अजिबात नको. गाडी तासन्‌तास आयडलवर ठेवण्याची जुनी पद्धत रिंगांचा घातच करते. सिलिंडरमध्ये दाबच नसतो, रिंग भिंतीला नीट घासत नाही आणि भिंत काचेसारखी होऊन बसते. इंजिन गरम झालं की निघायचं. सायनच्या सिग्नलवर हे काम होत नाही, रविवारी पहाटेचा ईस्टर्न फ्रीवे हवा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून जोर देत ६०, मग पाय काढून गिअरमध्येच परत ४०, असं दहा-बारा वेळा. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या पोकळीमुळे रिंगांपर्यंत तेल ओढलं जातं आणि घासून निघालेला चुरा धुतला जातो. पहिलं तेल ५०० किमीला बदलायचं.

क्रोम रिंग बसायला वेळ घेते. या सेटवर ८०० किमीनंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या १० टक्क्यांत आलं, आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर येणारा निळा धूर थांबला.