दादरची परदेशी शिक्षण सल्ला सेवा : पाचपैकी दोन तारे

नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत. स्टेशनजवळ, दुसरा मजला, एसी जोरात, चहा बरा. फी ४५,००० रुपये, दोन हप्त्यांत.

आमची कन्या एमएस्सी झूलॉजी. विषय नदीतलं अन्नजाळं, म्हणजे पाण्यात कोण कोणाला खातं याचा हिशेब. प्रोजेक्ट दहिसर नदीवर. वनखात्याची परवानगी काढून नॅशनल पार्कात दगड उलटायचे, खालचं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. तीन शेपट्यांची मेफ्लायची (हा एक पाणकिडा) पिल्लं ट्रेभर तुरुतुरु पळायची. तीच नदी बाहेर तबेल्यांपाशी आली की ट्रेमध्ये नुसत्या घाण पाण्यातल्या लालभडक अळ्या. माशांच्या मांसाच्या कुप्या वर्षभर आमच्या फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी. खाणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण हजारी ३.४ ने वाढतो, त्यावरून मासा साखळीत कुठे बसतो ते कळतं म्हणे. हिच्या आईने त्या कुप्यांवरून काय काय ऐकवलं, ते राहू द्या.

पहिल्याच भेटीत सल्लागार म्हणाले, "सर, डेटा सायन्स घ्या. नदीला स्कोप नाही." मग रँकिंगप्रमाणे बारा युनिव्हर्सिट्यांची यादी पुढे सरकवली. तिथे नदीवर काम करणारं कुणी आहे का, हे मात्र पाहिलेलं नव्हतं.

गोची इथेच आहे. अमेरिकेत या विषयात थीसिसवालं एमएस किंवा पीएचडी करायची तर कॉलेजच्या आधी गाइड शोधावा लागतो. त्याच्याकडे ग्रँट असली तर असिस्टंटशिप, म्हणजे त्याच्या हाताखाली पगारी काम, मिळते. ट्यूशन फी बहुतेक वेळा माफ, वर स्टायपेंड. अशा जागा टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या जॉब बोर्डवर फुकट वाचायला मिळतात. हे मला कळलं लेकीकडून. तिने सप्टेंबरात अकरा प्राध्यापकांना स्वतः मेल टाकले, चौघांची उत्तरं आली.

एसओपी, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध, तपासून घेणं फीमध्येच होतं. त्यांनी लाल अळ्यांचा अख्खा परिच्छेद "फार टेक्निकल" म्हणून उडवला आणि "लहानपणापासून निसर्गाची ओढ" घातली. माझ्या मुलीला लहानपणी झुरळाचीही भीती वाटायची! तिने परिच्छेद गुपचूप परत टाकला. व्हिडिओ कॉलवर एका प्राध्यापकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. त्यांनी एक जुना प्रयोग काढला, १९९० मध्ये छापून आलेला: मेरी पॉवर या शास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ईल नदीत जाळ्या लावून मोठे मासे आत-बाहेर ठेवून पाहिलं होतं. मासे असले की ते छोट्या शिकाऱ्यांना खातात, मग शेवाळ खाणाऱ्या अळ्या माजतात आणि शेवाळ खुरटतं. मासे नसले की शेवाळ उंच. "तुझ्या अळ्यांना खाणारं तिथे कोण उरलंय?" प्राध्यापकांनी विचारलं. पाऊण तास दोघं त्यावरच बोलत बसले. मी दाराआड उभा, पोहे गार.

दुसरी तक्रार: वर्सोव्याला सीआयएफई आहे, मत्स्यशिक्षणाचं अभिमत विद्यापीठ, मास्टर्स-पीएचडी दोन्ही. परदेश नकोच असेल तर हा रस्ता आहे, एवढं सांगायला काय जात होतं? कमिशन, दुसरं काय.

दोन तारे व्हिसासाठी. कागदपत्रांची फाइल चोख लावून दिली, सरावाची मुलाखत दोनदा घेतली, आणि तिथल्या मॅडमनी लेकीची भरभर बोलायची सवय मोडली. ती मोडणं मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

परवा ऑफिसातून फोन आला, भिंतीवर लावायला तिचा फोटो हवाय. गमबूट घातलेला, हातात ट्रे असलेला पाठवलाय. "सर, ब्लेझरमधला नाही का?"