कागद खरे होते, आमचा प्लॉट मात्र नकाशात नव्हता

शेंद्रा, वाळूज, चिकलठाणा नाहीतर बिडकीनला नोकरी लागली आणि परभणी, नांदेड, बीड, लातूरकडून छत्रपती संभाजीनगरला बिऱ्हाड हलवायची वेळ आली, की घरातून पहिला सल्ला येतो, 'भाड्यात पैसे घालू नका, एखादा प्लॉट बघून टाका.' सल्ला देणारे आपल्या भल्याचंच बोलत असतात. पण त्याच वाटेवर काही माणसं टपून बसलेली आहेत आणि त्यांनी आमचे 18 लाख रुपये नेले. त्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, निवृत्तीचा पैसा होता, बायकोच्या पाटल्या होत्या आणि माझ्या पीएफमधून काढलेली रक्कम होती. यंदा जे बदलून किंवा नव्या नोकरीसाठी इकडे येणार आहेत, त्यांनी हे सगळं वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

या शहराची मांडणी आधी सांगतो, कारण फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. वाळूज पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला आणि मधे सगळं शहर. शेंद्र्यात नोकरी करणारा माणूस वाळूजकडे राहिला तर त्याचा जीव जालना रोडच्या गर्दीत जातो. म्हणून आमच्यासारखे लोक पूर्वेकडे बघतात. शहरातल्या चांगल्या वसाहतीतला भाव झेपत नाही, मग नजर जाते भोवतालच्या गावांकडे, ज्यांना इथे झालर क्षेत्र म्हणतात. या पट्ट्यात प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडी सारख्या त्याच गोष्टी असतात. समृद्धी महामार्ग दहा मिनिटांवर, ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी शेजारी, 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने सरकारशी सामंजस्य करार केला आहे, दोन वर्षांत भाव तिप्पट. यातला महामार्ग खरा आहे, ऑरिक खरी आहे, करारही खरा आहे. खऱ्या गोष्टींच्या रांगेत एक खोटा प्लॉट उभा केला की तोही खरा वाटतो.

आमचा एजंट माझ्याच जिल्ह्यातला निघाला. कंपनीतल्या एका ओळखीच्याने नंबर दिला होता. पहिल्या फोनलाच त्याने गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही आपल्या जिंतूरकडचे. तुम्हाला मी खोटं कसं सांगीन? उद्या गावाकडं तोंड दाखवायचंय मला." नवख्या शहरात आपल्याकडची बोली कानावर पडली की मन लगेच सैल होतं, आणि ही माणसं नेमकं तेच हेरतात. पुढे या प्रकरणात फसलेली सगळी कुटुंबं एकत्र आली, तेव्हा कुणी गेवराईचं होतं, कुणी हिंगोलीचं, कुणी उदगीरचं. संभाजीनगरचं मूळ रहिवासी एकही नव्हतं. इथला माणूस चार जणांना विचारून घेईल, आणि बाहेरून आलेल्याला विचारायला एजंटशिवाय कुणी नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

साइट बघायला रविवारी गाडी पाठवली. गाडीत आणखी दोन कुटुंबं होती. दोन एकरांचा लेआउट, मुरूम टाकलेले रस्ते, विजेचे खांब, पुढच्या बाजूला बांधून झालेली चार-पाच घरं आणि एका घरासमोर तुळशी वृंदावन. काळ्या रानात फक्की मारून प्लॉट आखलेले आणि प्रत्येक कोपऱ्यावर नंबर टाकलेला दगड. आमचा प्लॉट मागच्या कोपऱ्यात, 30 बाय 40, नंबर 49. पुढच्या दगडांवरचा पिवळा रंग उडून गेलेला होता, आमच्या बाजूच्या दगडांवरचा ताजा होता. बायकोच्या ते लक्षात आलं आणि तिने तिथेच विचारलं. एजंटने जराही न अडखळता सांगितलं, "वहिनी, हे मालकाचे राखीव प्लॉट आहेत. घरच्यांसाठी ठेवले होते, आत्ताच काढलेत. तुम्ही आपले म्हणून दाखवतोय, बाहेर बोलू नका." हा 'मालकाचा राखीव प्लॉट' शब्दप्रयोग लक्षात ठेवा. लेआउटमधले सगळे प्लॉट विकून झाल्यावर जो प्लॉट उगवतो, त्याला हे लोक राखीव म्हणतात.

कागद मागितले तर फाइलच समोर ठेवली. सातबारा, एनए-44 चा आदेश, मंजूर लेआउटची झेरॉक्स, शेतकऱ्याने डेव्हलपरला दिलेलं मुखत्यारपत्र आणि एका वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा तपास. सातबारा मी स्वतः ऑनलाइन काढून पडताळला, जुळला. आदेशाचा क्रमांक खरा, तारीख खरी, शिक्का खरा. एनए-44 म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 44 खाली मिळालेली बिनशेती परवानगी. इकडे प्लॉटच्या जाहिरातीत हे दोन शब्द असले की लोक पुढचं विचारत नाहीत.

मी गृहकर्जाचा विषय काढला. तो म्हणाला, बँका गावठाणाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटला कर्ज द्यायला महिने लावतात, तोवर भाव वाढेल, नंतर बांधकामाला घ्या. रेराचं, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचं, विचारलं तर म्हणाला, ते फक्त फ्लॅटला असतं. दोन्ही उत्तरं खोटी होती. मोकळ्या प्लॉटला बँका कर्ज देतात, पण देण्याआधी त्यांचा वकील आणि इंजिनिअर मंजूर लेआउट तपासतात, आणि त्याला तेच नको होतं. रेरा कायदा प्लॉटिंगलाही लागू आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी घ्यावी लागते. तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद बघायला मिळतात, आणि विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्याकडून इसारालाच चार लाख घेतले, नोटरी केलेल्या बॉण्डवर.

खरेदीखत मात्र रीतसर झालं. दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी भरली, फोटो-अंगठे झाले, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हातात आला. अण्णांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवून नमस्कार केला. रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकी तपासून शिक्का मारला, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. तसं नसतं. निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं. विकणाऱ्याकडे विकायला जमीन उरली आहे का, हे बघायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. आणखी एक: दस्तात सरकारी दराप्रमाणे साडेसात लाख दाखवायचे, उरलेले रोख, ही त्यांचीच अट होती. त्या रोख रकमेच्या आमच्याकडे वहीच्या कागदावरच्या कच्च्या पावत्या आहेत. पोलिसांत आणि कोर्टात त्या सिद्ध करताना आमचा दम निघतोय. तुमच्यासमोर ही अट आली तर तिथूनच उठा.

मग फेर अडला. खरेदीनंतर सातबाऱ्याला नाव लागायला फेरफार व्हावा लागतो, तो होईना. एजंट सांगे, तलाठ्याची बदली झाली, नवा आला की होईल. शेवटी मी सज्जावर जाऊन बसलो. तलाठीसाहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, आदेशातले सगळे प्लॉट आधीच वेगवेगळ्या नावांवर चढलेत. या गटात विकायला क्षेत्रच शिल्लक नाही. तुमचा फेर मी ओढू कशात?"

तिथून निघून आदेश पुन्हा उघडला. अटी-शर्तींच्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं, मंजूर भूखंडांची संख्या 46. आमचा नंबर 49. नगररचना कार्यालयातून लेआउटची साक्षांकित प्रत काढली, तर ज्या जागेवर आम्ही नारळ फोडला होता तिथे 'खुली जागा' लिहिलेलं. एवढ्या मोठ्या लेआउटमध्ये किमान दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावीच लागते. ती विकता येत नाही आणि तिच्यावर घराची परवानगी मिळत नाही. त्यांनी मूळ नकाशाच्या झेरॉक्सवर त्या मोकळ्या जागेत पट्टीने रेषा मारून 47 ते 52 नंबर टाकले आणि पुन्हा झेरॉक्स काढली. शिक्का कोपऱ्यात होता तसाच राहिला. सगळे कागद अस्सल होते आणि त्यातला एकही आमच्या प्लॉटचा नव्हता.

सर्च रिपोर्ट देणारा वकील त्यांचाच होता. त्याने गटाचा इतिहास खरा लिहिला, प्लॉटबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मूळ शेतकऱ्यालाही आम्ही जाऊन भेटलो. म्हातारे गृहस्थ, ओसरीवर बसवून चहा पाजला. त्यांना डेव्हलपरने ठरलेल्या रकमेतले निम्मेच पैसे दिले होते, मुखत्यारपत्राचा कागद मात्र लिहून घेतला होता. मोकळी जागा विकली गेल्याचं त्यांना आमच्याकडूनच कळलं. त्यांच्यावर आमचा राग नाही.

आता जे घेणार आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं. एजंटने दाखवलेला नकाशा बघूच नका. आदेशाचा आणि गटाचा क्रमांक घ्या, नगररचना किंवा जे नियोजन प्राधिकरण असेल तिथून अंतिम लेआउटची साक्षांकित प्रत स्वतः अर्ज करून काढा. मिळायला वेळ लागला तर लागू द्या, इसार थांबवा. त्या प्रतीवर आपला नंबर आहे का, चतुःसीमा जुळतात का, रस्ता किती मीटरचा आहे, हे जागेवर उभं राहून बघा. शंका आली तर भूमी अभिलेखची मोजणी मागा आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. तलाठ्याकडे जाऊन एकच प्रश्न विचारा, हा प्लॉट आज कोणाच्या नावावर आहे. आम्हाला जे पैसे गेल्यावर कळलं, ते या एका प्रश्नात कळतं. आणि पूर्ण पैसे हाताशी असले तरी एखाद्या बँकेत कर्जाचा अर्ज टाका. तिचा वकील पैशासाठी नाही म्हणत नाही, कागदासाठी म्हणतो.

मराठवाड्यात याहून जुनं एक कोडं आहे, ते पुण्याच्या सल्लागाराला चटकन सुचत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी, म्हणजे निर्वाहासाठी किंवा सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या, जमिनी गावोगाव आहेत. देवळाच्या, मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी परस्पर विकता येत नाहीत, तरी त्यांवर प्लॉटिंग झालेलं आहे आणि लोक घरं बांधून बसले आहेत. कुळांसाठीही इकडे हैदराबादचा 1950 चा वेगळा कायदा होता. म्हणून सर्च रिपोर्ट गेल्या तीस वर्षांचा पुरत नाही. 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची त्या काळची नोंद, काढायला लावा, तिथून पुढचे फेर वाचा, सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2', म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं आहे का आणि 'इतर हक्क' रकान्यात काय शेरा आहे ते बघा. वकील आपला हवा, आपल्या पैशाने नेमलेला. बॉण्डवरचा 20 बाय 30 चा गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट तर स्वस्त म्हणून घेऊच नका. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि त्यात 2021 ला झालेली सुधारणा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी आहे. 'पुढे नियमित होईल' या भरवशावर आज पैसे ओतू नयेत.

आणि घाई कशाला करायची? आम्ही आता चिकलठाण्याकडे भाड्याने राहतो. एक उन्हाळा इथे काढला तेव्हा कळलं की कुठल्या वसाहतीत जायकवाडीचं पाणी किती दिवसांनी येतं, कुठे बोअर आटून टँकरवर भिस्त असते, कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते आणि रात्रपाळीहून येताना कुठला रस्ता अंधारा असतो. ज्या गावाच्या प्लॉटसाठी आम्ही पैसे मोजले तिथे उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नाही. रविवारच्या साइट व्हिजिटला ते कुणी दाखवत नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' असं सांगून परत पाठवलं. एकेकट्याला असंच परत पाठवतात. सहाही प्लॉटची कुटुंबं मिळून आम्ही एकत्र अर्ज दिला, साक्षांकित लेआउट आणि त्यांची बनावट झेरॉक्स शेजारी शेजारी जोडली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली गुन्हा दाखल झाला. दिवाणी दावाही लावला आहे. फसवणूक लक्षात आल्यापासून त्यासाठी साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, म्हणून 'परत देतो, थोडं थांबा' म्हणणाऱ्याच्या नादी लागून दिवस घालवू नका. ज्यांचं असं झालंय त्यांनी मूळ इसारपावती, बॉण्ड, बँकेचं स्टेटमेंट आणि एजंटने पाठवलेले मेसेज मोबाईल बदलण्याआधी जपून ठेवा. आमच्या प्रकरणात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तो रेषा मारलेला नकाशाच सध्या आमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पुढची तारीख लागली आहे, आम्ही सहाही कुटुंबं जाणार आहोत.